उठसूट देशद्रोही?

काय वैताग आहे राव, समोरच्या टीमच्या बॉलरला टाळी दिली की देशद्रोही, बजेटला नावं ठेवली की देशद्रोही, आणि चॅनलवरचे अँकर तर कोर्टाच्या आधीच निकाल लावून मोकळे! कायदा एकदा उघडून बघा ना. आयपीसी म्हणजे जुन्या भारतीय दंडसंहितेचं कलम १२१ होतं ते सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचं, फाशी नाहीतर जन्मठेप, कसाबला लागलं होतं ते. राजद्रोहाचं १२४अ वेगळंच, इंग्रजांनी १८७० ला घुसडलेलं, आणि त्याच कलमाखाली १९०८ ला टिळकांना सहा वर्षं मंडालेला धाडलं, का तर केसरीतले लेख! त्यांचीच जयंती करून संध्याकाळी दुसऱ्याला गद्दार म्हणायला हे पुन्हा तयार. १९६२ लाच केदारनाथ सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसती टीका म्हणजे गुन्हा नव्हे, हिंसेला चिथावणी वगैरे लागते. २०२२ ला तर ते कलमच थांबवलं, आता आयपीसीच्या जागी आलेल्या न्यायसंहितेत देशाची एकता-अखंडता धोक्यात आणण्याचं कलम १५२ आलंय (ते वाचूनही धाकधूक होतेच म्हणा). पण ग्रुपवरच्या काकांना सांगायचं कोणी, त्यांनी परवा लिफ्टच्या खर्चाचा हिशोब मागणाऱ्यालासुद्धा पाकिस्तानात पाठवला.