सदुसष्ट भाग आणि शेवट नाही

मराठी मालिकांवरून वाद पेटला की कुणीतरी अमेरिकेचा दाखला काढतोच. तिकडे बघा, सीझन असतात, गोष्ट संपली की थांबतात. आपल्याकडे मेलेली माणसं परत येतात तरी मालिका चालूच. हे मी इथे अमेरिकेत बसून वर्षानुवर्षं वाचते आहे आणि दर वेळी तितकीच चिडते. तुमच्यापर्यंत पोचतात त्या इथल्या गाजलेल्या, पूर्ण झालेल्या मालिका. मधेच मुंडी मुरगाळलेल्या मालिकांचा ढीग तुम्हाला दिसत नाही, म्हणून ही मंडळी वेळेवर थांबतात असं वाटतं.

‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’ घ्या. विल फोर्टने निर्माण केलेली आणि स्वतःच नायक झालेली ही विनोदी मालिका १ मार्च २०१५ रोजी फॉक्स या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली. विषाणूने जग ओस पडलंय आणि टक्सन शहरात फिल मिलर एकटाच उरलाय. मग एकेक माणूस सापडत जातो. पहिल्या सीझनचे १३ भाग, पुढच्या तिन्हींचे १८-१८, म्हणजे एकूण ६७. तिसऱ्या सीझनमध्ये ही टोळी सान होजेतल्या एका ऑफिसच्या इमारतीत राहते, बघायला कुणी नसल्यामुळे अणुभट्ट्या वितळायला लागतात आणि पळ काढावा लागतो. चौथा सीझन मेक्सिकोत घडतो. मला हाच सीझन सगळ्यात आवडतो, कारण आता पोरं जन्माला आली आहेत. आज काय खायचं, कुठे झोपायचं, एवढ्यावर भागत नाही. कुठे राहायचं, मुलांना कसली माणसं दाखवायची, हा प्रश्न आहे. फ्रेड आर्मिसेनचा नरभक्षक कार्ल याच वेळी या टोळीत येतो, तेव्हा विनोद आणि भीती एकाच ताटात वाढली जाते. हे लिहायला सोपं नाही.

६ मे २०१८ रोजी चौथ्या सीझनचा शेवटचा भाग लागला. जमिनीखालून गॅस मास्क घातलेली माणसं बाहेर येतात, आपल्या लोकांना घेरतात आणि पडदा पडतो. १० मे रोजी फॉक्सने मालिका बंद केली. ती माणसं कोण होती, हे प्रेक्षकांना फोर्टच्या मुलाखतीतून कळलं. ती बंकरमध्ये लपून वाचलेली होती. ती आधी या टोळीला वेगळं ठेवणार, हळूहळू विश्वास बसणार आणि मग या टोळीच्याच अंगातला विषाणू लागून बंकरमधली ती सगळी मरणार, असा बेत होता. चार सीझनच्या गोष्टीचा इतका भेदक वळसा, आणि तो मुलाखतीतल्या चार वाक्यांत संपला.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या विनोदी मालिकेचे लेखक साधारण जूनमध्ये एकत्र बसतात. फळ्यावर भागांची मांडणी, मग आराखडा, खर्डा, कलाकारांसमोर वाचन. एका कॅमेऱ्याच्या शैलीतल्या मालिकेचा एक भाग साधारण पाच दिवसांत चित्रित होतो, आणि संकलनानंतर हातात बावीसेक मिनिटं उरतात. शेवटचा भाग लिहून, चित्रित होऊन कधीच हातावेगळा झालेला असतो. पुढचा सीझन द्यायचा की नाही, हा निर्णय मात्र मे महिन्यात, जाहिरातदारांसमोर नवं वेळापत्रक मांडायच्या तोंडावर होतो. निर्णय कळतो तेव्हा सेट मोडलेले असतात आणि ३० जूनच्या सुमारास कलाकारांना पुढच्या सीझनसाठी राखून ठेवायचा हक्कही सुटतो. लेखकाला शेवट करायचा असला तरी करायला काही शिल्लक नसतं. दोन शेवट चित्रित करून ठेवता येतात, पण दुसऱ्याचे पैसे कोण देणार?

आणि बंद करताना गोष्ट कुठवर आली हे कुणी विचारत नाही. जाहिरातदारांना हवे असलेले १८ ते ४९ वयातले प्रेक्षक किती, हे तेव्हा बघायचे. जुन्या भागांची इतर वाहिन्यांना पुनर्विक्री करायची तर पूर्वापार शंभर भाग लागतात, अठ्ठ्याऐंशीवरही भागतं. इथे सदुसष्टच होते; आणखी अठरा केले असते तरी पंच्याऐंशी. त्याच जानेवारीच्या शेवटी फॉक्सने गुरुवारच्या रात्रीच्या अमेरिकी फुटबॉल सामन्यांचं प्रक्षेपण पाच वर्षांसाठी घेतलं होतं, म्हणजे शरद ऋतूतल्या वेळापत्रकात मालिकांना जागा आणखी कमी. १० मे रोजीच फॉक्सची ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ ही विनोदी मालिकाही बंद झाली, पण तिचे ११२ भाग झाले होते आणि ती एनबीसी या दुसऱ्या वाहिनीच्याच भावंड कंपनीने बनवलेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी एनबीसीने उचलली. त्याच आठवड्यात फॉक्सने ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ ही दुसऱ्या वाहिनीने बंद केलेली विनोदी मालिका परत आणली: १३० भाग तयार, कायमचे सेट, प्रेक्षकांसमोर अनेक कॅमेऱ्यांनी होणारं स्वस्तातलं चित्रीकरण. यात संयम कुठे दिसतो तुम्हाला?

आता आपली रोजची मालिका बघा. आठवड्याला सहा भाग, हाताशी जेमतेम काही दिवसांचा साठा. लेखकाची दमछाक होते, संवाद पातळ होतात, एक कटाक्ष तीन बाजूंनी दाखवून वेळ भरावा लागतो, हे मला मान्य आहे. पण साठा इतका कमी असल्यामुळेच गुरुवारी आलेला टीआरपी बघून मालिका आवरायचं ठरलं, तरी पुढचे भाग लिहायचे बाकी असतात. खलनायिकेला पकडून द्यायला, दुरावलेल्यांना एकत्र आणायला, सगळं घर एका चौकटीत उभं करायला वेळ मिळतो. घाईत होतो, कधी बाळबोध होतो, पण शेवट होतो. प्रेक्षकाला निरोप मिळतो. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली आणि संपली. ब्रिटनमधल्या सहा-सहा भागांच्या मालिकांचा दाखला कुणी देईल. द्या, पण मग अमेरिकेचं नाव घेऊ नका.

माझं हे चिडणं केवळ मालिकांपुरतं नाही. इथल्या मालिकेला कुणी कितीही नावं ठेवली तरी मला काही वाटत नाही. मराठी मालिकेला ठेवली की लागतं, आणि इतकी वर्षं इथे काढल्यावरही ते कमी झालेलं नाही. मी राहते त्या देशाची छडी करून माझ्या घरच्यांच्या संध्याकाळीवर मारायची, हे मला सहन होत नाही. साडेआठची मालिका तिथे जेवणाच्या वेळी लागते, इथे तेव्हा सकाळ असते. फोनवर मालिकेतल्या सुनेची चौकशी करता येते, कारण ती सून कालही होती आणि उद्याही असणार आहे. ती तेरा भागांत संपावी असं मला वाटत नाही. यात माझा स्वार्थ आहे.

तरीही मराठीत सीझन हवेच असतील, तर अर्धवट मागू नका. शेवटचे दोन भाग चित्रित होण्याआधी वाहिनीने पुढचा निर्णय लेखी द्यायचा. नाही म्हणायचं असेल तर समारोपाच्या एका भागाचा खर्च करारातच धरलेला असला पाहिजे, आणि तोवर कलाकारांच्या तारखा आणि सेट सोडायचे नाहीत. ही तीन कलमं घेऊन कुणी वाहिनीच्या दारात उभं राहणार असेल, तर मी इथून सही करायला तयार आहे.