सायलेन्सर बदललाय ना? मग आवाज मोजून दाखवा

पानशेत, वेल्हे, मुळशीच्या पलीकडच्या कच्च्या वाटांवर गाडी घालणाऱ्या पुण्यातल्या सगळ्या रायडर मंडळींसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे, पण पूर्ण वाचा. राग आला तर कमेंटमध्ये खुशाल भांडा.

ट्रेलवर येणाऱ्या प्रत्येक बदललेल्या सायलेन्सरचा आवाज मोजलाच पाहिजे. कानाने नाही, मीटरने. "अरे, नुसता बेस आहे, आवाज नाहीये" हे उत्तर मला आता पटत नाही. हेल्मेटमध्ये वारा घोंगावत असतो आणि सायलेन्सरचं तोंड मागच्या बाजूला असतं, त्यामुळे आपल्या गाडीचा आवाज सगळ्यात कमी आपल्यालाच कळतो. डेसिबलचं गणितही फसवं आहे. 3 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, पण कानाला जेमतेम फरक जाणवतो. आवाज दुप्पट वाटेपर्यंत साधारण 10 डेसिबल वाढलेले असतात, म्हणजे ऊर्जा दहापट!

मोजायची पद्धत ठरलेली आहे आणि अजिबात अवघड नाही. गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, इंजिन गरम झालेलं. आजूबाजूला भिंत किंवा दुसरी गाडी नको, कारण आवाज त्यावर आपटून परत येतो. मीटर सायलेन्सरच्या तोंडापासून बरोबर अर्धा मीटरवर, तोंडाच्याच उंचीला आणि धूर बाहेर पडतो त्या रेषेशी 45 अंशांत धरायचा. अगदी मागे धरला तर गरम हवेचा झोत माइकवर येतो. मग कमाल ताकद ज्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) मिळते त्याच्या निम्म्यावर इंजिन स्थिर ठेवायचं. हिमालयन 450 या गाडीची कमाल ताकद 8000 ला आहे, म्हणजे 4000. एक्सपल्स 200 4व्ही ची 8500 ला, म्हणजे 4250. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली येतानाचा आवाजही धरायचा, कारण फटाके फुटतात ते तिथेच. दोन-तीनदा मोजा. आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर पुन्हा मोजा.

यात अंतर सगळ्यात महत्त्वाचं. अर्ध्या मीटरऐवजी एक मीटरवर मीटर धरला तर आकडा जवळपास 6 डेसिबलने कमी येतो. म्हणून "माझं फक्त 90 येतं" असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, अंतर मोजायला टेप लावली होती का? फोनच्या ॲपवर तर मुळीच जाऊ नका. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि मोठा आवाज आला की अनेक फोन तो आपोआप दाबतात. आपल्याला नेमका तोच तर मोजायचाय. साधा साउंड लेव्हल मीटर घ्या, माइकवर स्पंज लावा, सेटिंग 'ए' वर ठेवा, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येतं तसं मोजलं जातं. ग्रुपमध्ये एक मीटर असला तरी पुरतो.

आकड्यांची गल्लतही नेहमी होते. "कायद्यात 80 आहे आणि ट्रेलला तू 96 चालतील म्हणतोस?" असं विचारतात. आपल्याकडे 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलला 80 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती नवीन मॉडेलला मान्यता देतानाच्या चाचणीतली. तिथे गाडी पूर्ण थ्रॉटलवर मीटरसमोरून जाते आणि मीटर साडेसात मीटरवर असतो. ट्रेलसाठी जो 96 चा आकडा सांगतात तो अर्ध्या मीटरवरचा, उभ्या गाडीचा. कॅलिफोर्नियात 1986 पासून बनलेल्या ऑफ-रोड मोटरसायकलींना हीच मर्यादा आहे. पहिल्या प्रकारची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. एवढी जाण असलेल्या गावात राहून आपण अंदाजपंचे बोलावं, हे मला खरंच खटकतं.

आता माझा मुख्य मुद्दा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. समजा एक गाडी 96 ची आणि एक 105 ची. फरक 9 चा. म्हणजे पहिलीचा आवाज जिथे एका पातळीला उतरतो, त्या पातळीला यायला दुसरीचा आवाज जवळजवळ तिप्पट लांब जावा लागतो. नेमकं सांगायचं तर 2.8 पट अंतर, म्हणजे जवळपास आठपट जमीन! एका रायडरच्या हौसेपायी आठपट मुलखातली घरं, गोठे आणि शाळा त्या आवाजाखाली येतात. त्यात आपण एकटे जात नाही. एकसारख्या दहा गाड्या मिळून आणखी 10 डेसिबल वाढवतात.

वेल्ह्याकडच्या एका वाडीत एक काका मला म्हणाले होते, "तुमी जावा की, वाट काय माज्या बापाची न्हाई. पन धारेच्या टायमाला म्हस पान्हा चोरती, त्याचं काय?" आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. दूध कमी पडलं की डेअरीवर त्या दिवसाचे पैसे कमी. आपल्या रविवारच्या मजेचा खर्च त्यांनी का सोसायचा? वाटा बंद होतात त्या अशाच. कोणी बोर्ड लावत नाही. एक दिवस वाटेत बाभळीच्या फांद्या पडलेल्या दिसतात आणि पाणी मागायला कुणाच्या दारात जायची सोय उरत नाही.

"मोठा आवाज असला की समोरचा सावध होतो" हा युक्तिवाद मला साफ अमान्य आहे. आवाज मागे फेकला जातो, समोरच्यापर्यंत तो उशिरा आणि कमी पोहोचतो. घाटातल्या आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, वेग कमी करा.

आणि ट्रेलपर्यंत जाताना आपण सिंहगड रोडने, पौड रोडनेच जातो ना? तिथे मोटार वाहन कायदा लागू आहे. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाचे निकष मोडले तर कलम 190 खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. म्हणून माझा पहिला सल्ला कंपनीचाच सायलेन्सर ठेवा हा आहे. वजन कमी करायला तो बदलतो म्हणणाऱ्यांनी आधी पॅनियरमधलं, म्हणजे गाडीच्या बाजूच्या बॅगांमधलं, सामान कमी करावं.

ज्यांनी आधीच बदललाय त्यांनी डीबी किलर, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडात बसणारी आवाज कमी करणारी नळी, परत बसवा. आतली आवाज शोषणारी काचेची लोकर जळून गेली असेल तर नवीन भरा. ती गेली की तोच सायलेन्सर कितीतरी जास्त ओरडतो. जोडावरून धूर गळत असेल तर गॅस्केट बदला. एवढं करूनही आकडा खाली येत नसेल तर तो सायलेन्सर काढा.

पुढच्या राइडपासून निघायच्या आधी सगळ्यांच्या गाड्या मोजल्या जातील, माझीही. आम्ही मर्यादा 94 ठरवली आहे. त्यावर आकडा गेला तर ती गाडी ट्रेलवर येणार नाही, ती कितीही जुन्या मित्राची असो. मीटर आणि टेप मी आणतो. तुम्ही येताना डीबी किलर आणि ॲलन की बरोबर ठेवा.