‘क्वाइट गुड’ म्हणजे नक्की किती गुड?

महाराष्ट्रात इंग्रजीवरून वाद पेटला की दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत असतं: इंग्रजी हे नुसतं साधन आहे. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा हेच ऐकलं, आज मराठी शाळा ओस पडताना हेच ऐकतो. साधनच ते, शब्दकोशात अर्थ बघितला की झालं! इंग्लंडमध्ये नोकरी करताना मला हे पटेनासं झालंय. अर्थ शब्दकोशात मिळतो. शब्द कुठे टोचतो ते तिथे लिहिलेलं नसतं.

‘क्वाइट गुड’चंच बघा. आपण शाळेत ‘क्वाइट’ म्हणजे ‘बरंच’ असं शिकलो, त्यामुळे इथल्या साहेबाने कामाला ‘क्वाइट गुड’ म्हटलं की भारतातून नवा आलेला माणूस खूश होऊन घरी फोन करतो. ब्रिटिश कानाला मात्र त्यात ‘ठीकठाक’ ऐकू येतं, आणि पुढे एक न बोललेला ‘पण’. ‘विथ रिस्पेक्ट’ने वाक्य सुरू झालं तर आदर तिथेच संपला असं समजावं. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको, ‘आपलं बरोबरच असेल हो’ हे त्याच जातीचं वाक्य आहे. गंमत पुढे आहे. अमेरिकन माणूसही ‘क्वाइट गुड’ म्हणजे कौतुकच समजतो, आणि त्याची तर ही मातृभाषा!

मातृभाषकांचंच आपसात जुळत नाही तिथे आपल्याला ‘अस्सल’ इंग्रजीचा धाक कशाला? आपल्या लग्नाच्या जाहिरातींतली ‘होमली’ मुलगी घर सांभाळणारी असते. ब्रिटनमध्ये होमली असतं ते घर, उबदार आणि साधं. अमेरिकेत माणसाला होमली म्हटलं तर तो दिसायला यथातथा. ‘स्कीम’ आपल्याकडे सरकारी योजना. रोजगार हमीसुद्धा इंग्रजीत ‘स्कीम’च. ब्रिटनमध्ये पेन्शनची स्कीम असते, पण अमेरिकन माणसाला त्या शब्दात कारस्थानाचा वास येतो.

‘ओरिएंटल’ची गोष्ट जास्त नाजूक. पुण्याची भांडारकर संस्था १९१७ सालची. तिच्या इंग्रजी नावातल्या या शब्दाने आपल्याकडे कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, कारण आपल्या मनात ‘प्राच्यविद्या’ असते. अमेरिकेत हाच शब्द माणसांना हिणवायला वापरला गेला, म्हणून २०१६ मध्ये तो तिथल्या संघराज्याच्या कायद्यांतून काढला. शिकागो विद्यापीठाच्या ‘ओरिएंटल इन्स्टिट्यूट’नेही २०२३ मध्ये नाव बदललं. भांडारकरने बदलावं असं मला वाटत नाही. तिथला अपमान इथे घडलेलाच नाही. पण अमेरिकेत कुणा माणसाला ओरिएंटल म्हणून वर ‘आमच्याकडे चालतं’ असा युक्तिवाद करणारे आपले लोकही मला पटत नाहीत.

टोचणी अंगात भिनते ती लहानपणी. बोस्टनमध्ये तुर्की मातृभाषेच्या लोकांच्या त्वचेची विद्युत प्रतिक्रिया (मन हललं की घामामुळे त्वचेत होणारा सूक्ष्म बदल) मोजली होती. लहान मुलांना रागावताना वापरतात ती वाक्यं तुर्कीत ऐकल्यावर ती जास्त उसळली, तशीच वाक्यं इंग्रजीत ऐकल्यावर कमी. म्हणूनच मराठीत ज्यांच्या तोंडून ‘गाढव’सुद्धा निघत नाही ती आपली सभ्य माणसं ऑफिसात इंग्रजी शिव्या सहज देतात. त्यांना काहीच वाटत नाही; शेजारी बसलेल्या इंग्रजाचे कान मात्र लाल होतात.

उलट बाजूने आपण उद्धटही ठरतो. ‘जरा ती फाईल द्या ना’ यातला सगळा मऊपणा ‘जरा’, ‘द्या’ आणि ‘ना’मध्ये आहे. इंग्रजीत नेताना हे तिन्ही गळतात आणि ‘गिव्ह मी द फाईल’ उरतं. व्याकरण चोख, पण समोरचा दुखावलेला. गावोगावच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासांत उच्चार घोटून घेतात, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’वर आठवडे जातात. त्यातला एक आठवडा या ‘ना’ला द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.