रेव्ह अपची दुसरी बाजू

यार्डबर्ड्स या ब्रिटिश रॉक बँडवरचा तुमचा लेख वाचला. त्यात 'हॅविंग अ रेव्ह अप'ला त्यांचा 'दुसरा अल्बम' म्हटलंय, ते जरा खटकलं. १९६५च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या बाजारासाठी जमवलेलं हे गाठोडं आहे. पहिल्या बाजूला गिटारवादक जेफ बेकच्या काळातली स्टुडिओतली गाणी. दुसरी बाजू थेट मार्च १९६४ची, लंडनच्या मार्की क्लबमधली, आणि तिथे गिटार एरिक क्लॅप्टनची! तो तर मार्च ६५मध्येच बँड सोडून गेला होता. मुखपृष्ठावर अर्थातच बेक. 'आय अ‍ॅम अ मॅन' तर दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे एकाच रेकॉर्डवर दोघांची तुलना करायची आयती सोय. माझं मत विचाराल तर बेकचं पारडं जड. गाण्याच्या शेवटी तो तारा नुसत्या खरवडत सुटतो ना, तिथे मी दरवेळी आवाज वाढवतो आणि घरच्यांची बोलणी खातो.

पहिल्या बाजूवरच्या 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्याबद्दल लेखात अवाक्षरही नाही, याचं मात्र आश्चर्य वाटलं. त्यातल्या मुख्य सुरावटीसाठी आधी खरोखरचा सतारवादक बोलावला होता. पण सतारीचा आवाज बँडच्या दणक्यात पुरेना, मग बेकने तीच धून फझ (आवाज फाटका, खरखरीत करणारं उपकरण) लावून गिटारवर वाजवली. बीटल्सने गाण्यात सतार वापरली त्याआधीची गोष्ट ही. सतारीचं ध्वनिमुद्रणही पुढे बाहेर आलंय, दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. सतार गोड आहे हो, पण बिचारी अगदीच किरकोळ वाटते.