दीडपट वेगाचा केक

“भट्ट्या बंद करा म्हणे! मग नानकटाई कुठे भाजायची, तेही सांगितलंय का कोर्टाने?” शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकता टेकताच बापूंनी तोफ डागली. मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर न्याव्यात, हा मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५चा हुकूम त्यांना अजून पचलेला नाही. दिवाळीआधी मैदा, तूप, साखर पिशवीत घालून बेकरीत जायचं आणि पत्र्याचा डबा भरून घरी यायचं, हे ज्या घरांनी केलंय त्यांना बापूंचा राग वेगळा समजावून सांगायला नको.

“बापू, लाकडाचा धूर कोणाच्या छातीत जातो तेही बघा ना,” अश्विनी म्हणाली. “आणि नानकटाईला भट्टीच हवी असं काही नाही. घरच्या ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, उत्तम होते. बिघडते ती तुपामुळे.”

“ओटीजी कुठला पण? किती लिटरचा?” मंदारने एका कानातला इयरबड काढला. दुसरा तसाच. मंदारच्या घरी ओटीजी आहे, स्टँड मिक्सर आहे, सिलिकॉनचे सहा साचे आहेत, केक फिरवायचं टेबल आहे. नाही तो फक्त वजनकाटा.

अश्विनीने त्याच्याकडे दुर्लक्ष करून बापूंना प्रमाण सांगितलं, तेही ग्रॅममध्ये: मैदा १२५, बेसन २५, पिठीसाखर ७५, तूप ९०, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची. तूप घट्ट दह्यासारखं हवं, वितळलेलं चालणार नाही. साखरेबरोबर ते पांढुरकं, हलकं होईपर्यंत फेटायचं. मग पीठ चाळून घालायचं आणि नुसतं गोळा करायचं, कणकेसारखं तिंबायचं नाही. “आणि आपल्या मुंबईच्या हवेत वळलेल्या नानकटाया ट्रेसकट पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायच्याच. नाहीतर ओव्हनमध्ये पीठ धरायच्या आधी तूप सुटतं, आणि सगळ्यांची मिळून एकच चपटी पोळी होते.”

“किती वेळ भाजायची?”

“१७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. कडा खालून जरा तांबूस झाल्या की बाहेर. तेव्हा ती मऊच लागते, म्हणून लोक परत आत ढकलतात आणि कडक करून ठेवतात. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, आपोआप खुसखुशीत होते.”

बापूंनी पेन काढून वर्तमानपत्राच्या समासात लिहून घेतलं.

“एवढं मोजूनमापून कशाला?” मंदार म्हणाला. “मी पॉडकास्ट ऐकत ऐकत केक करतो. दीडपट स्पीडला लावायचा आणि ओव्हन १८०च्या जागी २२०वर. दोन्ही झटपट.”

“आणि झाला कसा?” संजूने विचारलं. संजूला उत्तर माहीत होतं. कट्ट्यावर सगळ्यांनीच तो केक खाल्ला होता.

“वर जरा फुटला.”

“फुटणारच,” अश्विनी म्हणाली. “२२०ला वरचा थर आधीच घट्ट होतो. आतलं पीठ नंतर फुगतं, त्याला जागा हवी, म्हणून ते वरचा थर फोडून बाहेर येतं. पॉडकास्ट दीडपट पळतो मंदार, केक नाही पळत.”

यावर मंदारकडे उत्तर नव्हतं. मग त्याने मैद्याच्या कंपनीला दोष दिला. अश्विनीने तोही धागा सोडला नाही. कप पिठात बुडवून दाबून भरला की दीडशे ग्रॅम मैदा बसतो. चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केला की १२०च्या आसपास. दीड कपाच्या केकला म्हणजे पंचेचाळीस ग्रॅम मैदा जास्त, आणि केक कोरडा होणार हे ठरलेलं. शिवाय पंधराव्या मिनिटाला दार उघडून साहेबांनी व्हिडिओ काढला. मधला भाग अजून धरलेला नसतो, गार हवा लागली की बसतो. निदान पंचवीस-तीस मिनिटं दाराला हात लावायचा नाही.

तिचं दह्याचं प्रमाण मी इथे मुद्दाम देतो, कारण बिनअंड्याच्या केकला यापेक्षा भरवशाचं दुसरं मला माहीत नाही. घट्ट दही एक कप आणि साखर १५० ग्रॅम एकत्र फेटायची. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा, चमचा मापाचाच, पोहे खायचा नव्हे. पाच मिनिटांत बुडबुडे आले पाहिजेत. नाही आले तर पावडर आणि सोडा दोन्ही मेलेले आहेत, मैदा वाया घालवू नका. पावसाळ्यात उघड्या पुडीतली पावडर हमखास मरते. मग अर्धा कप तेल, व्हॅनिला, चाळलेला मैदा १८० ग्रॅम. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा आणि तापलेल्या ओव्हनमध्ये लगेच ठेवायचा, १८०वर पस्तीस ते चाळीस मिनिटं. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते, आणि ती कुठल्याच क्रीमखाली लपत नाही.

“म्हणजे ऐकायचंच नाही?” मंदार हिरमुसला.

“ऐक की! मोजताना आणि मिसळताना बंद. ओव्हनचं दार लागलं की सुरू.” तिचा हिशेबही तयार होता. ओव्हन तापेपर्यंत बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’. केकला ‘इन अवर टाइम’. १९९८पासून चाललेला बीबीसी रेडिओचा कार्यक्रम, एक विषय, साधारण पाऊण तास. ‘अमुक तमुक’ या मराठी पॉडकास्टच्या गप्पा भांडी घासून ओटा पुसेपर्यंत पुरतात. आणि अमित वर्माचा ‘द सीन अँड द अनसीन’ पावाच्या दिवशी, कारण तो तासन् तास चालतो. तेवढ्यात पीठ दोनदा फुगून पाव भाजूनही होतात.

“आमच्या वेळी विविध भारती होतं,” बापू म्हणाले. “मागे न्यायची सोय नव्हती. कान देऊन ऐकावं लागायचं.”

“ते बरोबर बोललात बापू. याने मात्र बाहेरचा आवाज बंद करणारे इयरबड घातले आणि ओटीजीची घंटा वाजलेलीच कळली नाही.”

बापूंकडे ओटीजी नाही. मग कुकर. जुनाच घ्यायचा, कोरडा तापवून नवा खराब करायचा नाही. तळाशी कपभर मीठ, त्यावर स्टँड, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचा, मग केकचं भांडं आत ठेवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पाणी अजिबात नाही. शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची.

“शिट्टी नाही तर कळायचं कसं?”

“नाकाने. खमंग वास सुटला की जवळ आलं समजायचं. मग सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की उतरवा.”

“रिंग काढून ठेवायची,” संजू अचानक ताठ बसला. “मंद्या, माझा कुकर नेलास केकसाठी. परत आला. रिंग कुठे आहे? दोन गणपती झाले!”

“आहे रे कुठेतरी. साच्यांच्या डब्यात असेल.”

“दोन वर्षं आईची डाळ झाकण ठेवून पातेल्यात शिजतेय!”

“आणि याने दुसरीकडे तिचा उपयोग केलाय,” अश्विनी म्हणाली, “परवाचा केक एवढा गोल कसा कापला गेला, तेव्हाच मला शंका आली होती.”

मंदार गप्प. दोन सेकंदांनी तोच आधी फसकन हसला, आणि मग बापूंना असा ठसका लागला की चहावाला पाणी घेऊन धावत आला आणि त्या गडबडीत पैसे कोणी द्यायचे हे विचारायचं राहूनच गेलं.