‘मेक क्लीन’ने भागत नाही: क्रॉस-कंपाइल आणि वेगळ्या आउटपुट डिरेक्टऱ्या

नवख्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो. ऑपरेटिंग सिस्टीम दुसऱ्या प्रोसेसरसाठी बांधायची (म्हणजे क्रॉस-कंपाइल करायची) असली तरी सोर्सच्या, म्हणजे मूळ कोडच्या, फोल्डरमध्येच बिल्ड करा आणि आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) बदललं की ‘मेक क्लीन’ ही बिल्डच्या फाइली पुसणारी आज्ञा मारा. वेगळ्या आउटपुट डिरेक्टऱ्या म्हणजे नसता व्याप, वर डिस्क खातात. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी शिकणाऱ्यांचा बराच वेळ वाया जातो.

आधी ‘मेक क्लीन’चं बघू. लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) ही आज्ञा डॉट-कॉन्फिग या निवडलेले पर्याय साठवणाऱ्या फाइलला हात लावत नाही. म्हणजे एक्स८६ची (नेहमीच्या पीसी-प्रोसेसरची) फाइल तशीच राहते. मग आर्म६४ या दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी मेक (बिल्ड करणारी आज्ञा) चालवलं की त्या आर्किटेक्चरला माहीत नसलेले पर्याय गाळून तीच फाइल नव्याने लिहिली जाते. एक्स८६कडे परत वळलात तर निवडून ठेवलेलं बरंच काही गेलेलं असतं. खरी साफसफाई ‘एमआरप्रॉपर’ करतं, पण ते डॉट-कॉन्फिगच उडवतं. मेकला ‘ओ’ हा पर्याय देऊन प्रत्येक आर्किटेक्चरला वेगळी डिरेक्टरी दिली की प्रत्येकाचं कॉन्फिग आपापल्या जागी राहतं.

‘कमांड बदलली की केबिल्ड (कर्नलची बिल्ड यंत्रणा) आपोआप पुन्हा बांधतं, मग भीती कसली?’ असंही म्हणतात. ते पुन्हा बांधतं हे खरं. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल (कोडच्या फाइलीचं कंपाइल झालेलं रूप) कुठल्या आज्ञेने बनली याची ते नोंद ठेवतं. पण कंपायलरच बदलला तर सगळ्याच आज्ञा बदलतात आणि दर फेरीला कर्नल पहिल्यापासून बांधावा लागतो. डिस्क जास्त लागते, हे मान्य. नको झाली की ती एक डिरेक्टरी पुसा.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे: बिल्डमधून निघतं ते सगळं एकाच जातीचं आहे असं धरून चालणं. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ‘बिल्ड डॉट एसएच’ या बिल्ड-स्क्रिप्टने हे फार नेटकं सोडवलंय. त्यात कंपायलर वगैरे साधनांची डिरेक्टरी निराळी, कारण ती तुमच्या मशीनवर चालतात. ऑब्जेक्ट फाइलींची निराळी. ‘डेस्टडिर’ निराळी, तिच्यात लक्ष्य सिस्टीमचा अख्खा फाइलवृक्ष उभा राहतो. तयार संच ‘रिलीजडिर’मध्ये जातात. सोर्स नुसता वाचता येईल असा माउंट केला तरी काम अडत नाही. शिवाय ‘यू’ पर्याय दिला की रूटची (सर्वाधिकारी खात्याची)ही गरज नाही. फाइलींची मालकी आणि परवानग्या एका नोंदवहीत लिहिल्या जातात.

याउलट लिनक्समध्ये ‘इन्स्टॉल मॉड पाथ’ (मॉड्यूल्सची जागा) न देता सुडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, ‘मॉड्यूल्स इन्स्टॉल’ चालवलंत, तर आर्मची मॉड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग) थेट तुमच्या लॅपटॉपच्या लिब-मॉड्यूल्समध्ये जाऊन बसतात. बिल्ड कितीही स्वच्छ असो, हा घोटाळा टळत नाही. म्हणून इन्स्टॉलची जागाही आधीच ठरवा.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे: वेगळी डिरेक्टरी आर्किटेक्चर लक्षात ठेवत नाही. तिच्यात शिरून ‘आर्क’ (आर्किटेक्चरचं नाव) न सांगता मेन्यूकॉन्फिग (पर्याय निवडायचा मेन्यू) उघडलंत, तर कर्नल तुमच्या मशीनचंच आर्किटेक्चर धरतो आणि आर्मचं कॉन्फिग बिघडतं. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक डिरेक्टरीसाठी ‘आर्क’, ‘क्रॉस कंपाइल’ (कंपायलरच्या नावाचा पूर्वभाग) आणि ‘ओ’ या तिन्हींची मूल्यं भरून ठेवलेली छोटी स्क्रिप्ट. नेटबीएसडी अशी स्क्रिप्ट स्वतःच तयार करून देतं: साधनांच्या डिरेक्टरीत ‘एनबीमेक’ आणि पुढे मशीनचं नाव.