सागाच्या शोधात सहकुटुंब

मुंबईत राहून सुतारकामाचा छंद जडलेल्या गृहस्थाने एक पथ्य कटाक्षाने पाळावे, ते म्हणजे लाकूड मुंबईत विकत घेऊ नये. हार्बर मार्गावर रे रोडला उतरले की लाकडाच्या वखारी लागतात, तिथे फळी उलटसुलट करून पाहता येते, पसंत पडली नाही तर पुढच्या शनिवारी पुन्हा जाता येते आणि फसगत झालीच तर भांडायला जाण्याचा खर्च लोकलच्या तिकिटापुरता असतो. एवढे दोष असलेली जागा छांदिष्टाच्या कामाची नाही. "रे रोडचं लाकूड आहे," असे सांगणाऱ्याच्या टेबलाकडे पाहुणा दुसऱ्यांदा पाहत नाही. "आलापल्लीचा साग आहे, स्वतः जाऊन आणला," असे म्हटले की निदान चहा संपेपर्यंत तरी त्याला ऐकून घ्यावे लागते.

तेव्हा प्रवासाला निघावे, मात्र घरी खरे कारण सांगू नये. चंद्रपूरला जायचे असेल तर ताडोबाचे आरक्षण करावे, म्हणजे कुटुंबीय वाघाच्या आशेवर राहतात आणि आपल्याला बल्लारपूरच्या लाकडाच्या आगारात जायला एक सकाळ मोकळी सापडते. त्या बाजूच्या सागाला व्यापारी अजून 'सीपी टीक' म्हणतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा प्रांत नकाशावरून जाऊन सात दशके उलटली, पण लाकडाच्या बाजारात कोणतीही चीज लवकर मरत नाही. 2023 साली अयोध्येच्या राममंदिरासाठी साग इथूनच वाजतगाजत रवाना झाला. आपल्याला चपलांच्या कपाटासाठी दोन फळ्या हव्या आहेत. शासकीय आगारातला माल लिलावाने आणि लॉटने जातो, फळीने जात नाही, आणि लिलावाची बोली आता घरबसल्या संगणकावरूनही लावता येते, ही माहिती निघण्यापूर्वी मिळवू नये. ती मिळवली तर प्रवास कशासाठी करायचा? केरळात गेल्यास निलांबूरला अवश्य थांबावे. 1840 च्या दशकात लावलेले सागाचे बन तिथे जपून ठेवले आहे. त्यातल्या एखाद्या झाडाचा भाव रखवालदाराला विचारून पाहावा.

बहुतेकांची झेप मात्र मुंबई-गोवा महामार्गावरच्या वखारीपर्यंतच असते, म्हणून तिथल्या रीतिभाती जरा सविस्तर सांगणे भाग आहे. मुंबईची पाटी असलेली गाडी वखारीच्या दारातच उभी करावी, म्हणजे शेठला भाव ठरवायला सोपे जाते. उतरल्याबरोबर "हार्डवुड आहे का?" असे विचारावे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात रुंद पानांच्या झाडाचे लाकूड ते हार्डवुड आणि सूचिपर्णी झाडाचे ते सॉफ्टवुड, त्यामुळे आगपेटीच्या काड्यांना लागणारी सावर आणि खेळण्यातल्या विमानांचा पिसासारखा हलका बाल्सा हे दोन्ही हार्डवुड ठरतात आणि हिमालयातला दणकट देवदार सॉफ्टवुड ठरतो. शेठ काहीही दाखवो, तो खोटे बोलला असे आपल्याला कधीच म्हणता येणार नाही. त्यानंतर "अस्सल साग आहे ना?" असे विचारावे. या प्रश्नाला "नाही" म्हणणारा वखारवाला प्रस्तुत लेखकाला अद्याप भेटायचा आहे.

आता आपले ज्ञान प्रकट करण्याची वेळ येते. फळीवर बोटाच्या पेराने टकटक करावी, नाक लावून वास घ्यावा आणि "हं" म्हणावे. "साहेब, तुम्हाला लाकडातलं कळतं, म्हणून आतला माल दाखवतो," असे शेठ म्हणाला की आपली तपश्चर्या फळाला आली असे समजावे. आतला माल म्हणजे दोन वर्षांत कोणी न उचललेला माल. त्याच्या कडेला पिवळट पांढरा पट्टा दिसेल. झाडाचा जिवंत रस वाहून नेणारा हा कच्चा भाग किडीला फार आवडतो आणि घाईने वाढवलेल्या सागात तो भरपूर असतो, पण आपण त्याला नैसर्गिक रंगसंगती म्हणावे. फळी तेल चोळून एकसारखी तपकिरी केलेली असेल तर फारच उत्तम. खिशातला चाकू काढून कोपरा खरवडून पाहण्याचा मोह आवरावा, कारण त्याने व्यापारी दुखावतात.

घनफुटांच्या हिशेबाशी तर मुंबईच्या शिकलेल्या माणसाने भांडलेच पाहिजे. जुन्या रिवाजाप्रमाणे ओंडक्याला दोरी गुंडाळून घेर मोजतात, घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि त्याला लांबीने गुणतात. चार फूट घेराचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने दहा घनफूट भरतो. हा दोरीचा अडाणी हिशेब पाहून आपल्यातला अभियंता जागा व्हावा, त्याने मोबाइल काढावा, पाय आणि त्रिज्या यांची आठवण ठेवून वर्तुळाचे क्षेत्रफळ काढावे आणि "शेठ, हे गणितच चुकीचं आहे," असे चारचौघांत ठणकावून सांगावे. शेठ आढेवेढे न घेता मान्य करतो. मग आपल्या शुद्ध गणिताने तोच ओंडका 12.7 घनफूट भरतो आणि तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. करवतीखाली वाया जाणाऱ्या लाकडाची भरपाई म्हणून जुन्या रिवाजाने गिऱ्हाइकाला साडेएकवीस टक्के सूट आधीच दिलेली होती. शेठने हे सांगितले नाही, याबद्दल त्याला दोष देता येत नाही. त्याला कोणी विचारले नव्हते.

खरेदीला आषाढ महिना योग्य. निसर्ग हिरवा असतो आणि लाकूडही. एक इंच जाडीच्या फळीला सावलीत वारा खात सुकायला ढोबळमानाने एक वर्ष लागते, हे सुतारांचे म्हणणे जुनाट समजून सोडून द्यावे आणि ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र घरीच विसरावे. अशी फळी बोरिवलीच्या वातानुकूलित खोलीत आणून ठेवली की दिवाळीपर्यंत तिला होडीचा आकार येतो. फराळाच्या ताटासाठी तो वाईट नाही.

वाहतुकीविषयी थोडक्यात. सुकलेल्या सागाचे घनफूटभर लाकूड साधारण अठरा किलो भरते आणि रेल्वेच्या स्लीपर डब्यात एका माणसाला चाळीस किलो सामान फुकट नेता येते. म्हणजे चौघांच्या कुटुंबाने कपडे, औषधे आणि काजू यांचा त्याग केला तर आठ घनफूट सहज येते. सात फुटांची फळी बाकाखाली मावत नाही, ती मधल्या वाटेत ठेवावी आणि रात्रभर चहावाल्यांची क्षमा मागत राहावी. पावती मात्र घेऊ नये, कारण तिने किंमत वाढते. वाटेत वनखात्याच्या नाक्यावर कोणी वाहतूक परवाना विचारलाच, तर आपण छंद म्हणून लाकूडकाम करतो, असे शांतपणे सांगावे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात छांदिष्टांसाठी वेगळे कलम नाही, परंतु आपल्यासारख्यांच्या प्रयत्नांतूनच कधीतरी ते येईल.

प्रस्तुत लेखक हे सर्व स्वानुभवाने सांगत आहे. चिपळूणच्या पुढे एका वखारीत त्याला 'जुना बर्मा', म्हणजे म्यानमारचा जुना साग, मिळाला. म्यानमारने 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यामुळे ही वस्तू किती दुर्मीळ झाली आहे, हे शेठने कळवळून सांगितले, आणि ते खरेही होते. शंभर वर्षे मुरलेली, पोलादासारखी तुळई होती. ती तिथेच चिरून घेतली, गाडीच्या टपावर बांधली आणि वडखळपर्यंत दोनदा सुटली तरी घरी आणली. लालबागमध्ये उमेदीची वर्षे काढलेल्या आमच्या मिस्त्रींनी पहिल्या फळीवर रंधा मारला, तेव्हा भुसा आणि लाख भरून बुजवलेले एक भोक उघडे पडले आणि त्याच्या कडेने निळसर चुन्याचे कण निघाले.

"ही मुंबईची तुळई आहे," मिस्त्री म्हणाले. "गिरगाव नाहीतर लालबाग. हे पाळण्याच्या कडीचं भोक. चाळ पाडली की कंत्राटदार तुळया विकतात, त्या कुठल्या कुठे जातात."

अशा प्रसंगी वाचकाने पुढचे प्रश्न विचारू नयेत. विशेषतः ठाकूरद्वारची आपली चाळ पुनर्विकासाला दिली, त्या वेळी वाशांसकट सगळे लाकूड "सडकं आहे, उचलून नेण्याचे पैसे तरी मागत नाही," असे म्हणून कोणी नेले आणि त्या कागदावर आपणच सही केली होती का, हे आठवण्याचा प्रयत्न करू नये. आमच्या टेबलाला ते भोक तसेच ठेवले आहे. पाहुण्यांना आम्ही लाकूड कोकणातून आणल्याचे सांगतो, आणि त्यात असत्य काही नाही.